दीड मीटर खाली

३ मार्च, सोमवार

आज माझं ऑफिस दोन मजले खाली उतरलं. सकाळी पोचले तर हवामान कक्षाच्या दारावर मोठ्या मॅडमचा, म्हणजे पालिकेच्या आयुक्तांचा, हुकूम चिकटवलेला. आजपासून शंभर दिवस हवामान कक्ष आणि आपत्ती कक्ष एकाच खोलीत बसतील आणि शहराचा एकच आराखडा करतील. हवामान कक्ष म्हणजे मी. मी, एक संगणक आणि नकाशांच्या अकरा गुंडाळ्या. दुपारपर्यंत सगळं तळमजल्यावर.

आपत्ती कक्ष म्हणजे चार फोन, एक वायरलेस, भिंतीवर हेल्मेटांची रांग, शेजारी अग्निशमनच्या गाड्या आणि या सगळ्यावर राज्य करणारे साहेब. सदतीस वर्षं आगी विझवल्यामुळे त्यांना हळू बोलताच येत नाही. अख्खी इमारत त्यांना मागून 'भोंगा' म्हणते. त्यांनी मला पाहिलं, गुंडाळ्या पाहिल्या आणि म्हणाले, "नकाशेबाई, तुमचं संकट पन्नास वर्षांनी यायचंय. माझं चहा संपायच्या आत येतं. आपण दोघांनी बोलायचं काय?"

मी म्हटलं, "साहेब, पन्नास वर्षांनी येणारं संकट दर वर्षी थोडं थोडं येतंच आहे. तुमच्या चहाच्या वेळेला येतं ते तेच."

कुठून सुचलं कोण जाणे! त्यांनी माझ्याकडे टक लावून बघितलं आणि दाराकडे तोंड करून ओरडले, "बाईंना खुर्ची द्या! न डुगडुगणारी!"

मॅडमची एक अट आहे. नुसता कागद चालणार नाही. पावसाच्या आधी गावात काहीतरी प्रत्यक्ष उभं दिसलं पाहिजे. "आराखडे ठेवायला कपाटात जागा उरलेली नाही," म्हणाल्या. मला भीती वाटायला हवी होती. प्रत्यक्षात मी बसमध्ये उभ्या उभ्या हसत होते.

६ मार्च, गुरुवार

जेवण तसंच ठेवून आधी हे लिहितेय.

साहेबांकडे एकोणीस वर्षांच्या मदतीच्या हाकांच्या नोंदी आहेत. कोणत्या घरातून फोन, किती वाजता, कशासाठी, सगळं त्यांच्या टपोऱ्या अक्षरात. माझ्याकडे पाऊस आणि तापमान. आज मी त्यांच्या हाका पारदर्शक कागदावर ठिपक्यांनी उतरवल्या. पाण्याच्या निळ्या, उन्हानं चक्कर येऊन पडलेल्यांच्या लाल. मग तो कागद माझ्या नकाशावर ठेवून दोन्ही खिडकीच्या काचेवर चिकटवले, मागून उजेड यावा म्हणून.

निळे ठिपके आणि लाल ठिपके एकाच जागी! शाळेमागची खालची आळी. पावसात तीच बुडते, उन्हाळ्यात तीच भाजते. वर पत्रे, मध्ये झाड नाही, आणि ओढ्याच्या पातळीला घरं. तिथला पाऊस गेल्या वीस वर्षांत एकूण फारसा वाढलेला नाही, पण चार दिवसांचा चार तासांत पडायला लागलाय. साहेबांच्या निळ्या हाकाही नेमक्या त्याच चार तासांच्या.

मी किंचाळले. साहेब त्याहून मोठ्यानं म्हणाले, "म्हणजे मी एकोणीस वर्षं तुमचंच खातं चालवतोय!" बाहेर गाडी धूत असलेले दोन जवान हेल्मेट घालून आत धावले. त्यांना वाटलं, हाक आली.

९ मार्च, रविवार

जेवताना आईबाबांना सगळं सांगितलं. ताटात भात आणि हातात पेन. शाळेमागे रस्त्याखालून ओढा पलीकडे नेणारी जी मोरी आहे, ती इतकी अरुंद आहे की आताचा पाऊस तिच्यातून जाऊच शकत नाही. पाणी मागे फुगतं आणि आळीत शिरतं. मी म्हटलं, "कुठल्या दीडशहाण्यानं बांधली असेल! समोर दिसत नव्हतं का त्याला?"

बाबा अर्ध्या जेवणावरून उठले. आई म्हणाली, "तुला भूक नसली तर नसू दे, दुसऱ्याला तरी जेवू द्यावं." आता यात मी काय केलं? बाबांना हल्ली पित्ताचा त्रास फार होतो. उद्या औषध आणते.

१४ मार्च, शुक्रवार

भांडण. मोठं. पण काय मजेचं भांडण!

आपत्ती कक्षाचा आराखडा तयारच होता. शाळेच्या बाजूनं ओढ्याला दोन मीटर उंच भिंत. मी नकाशावर बोट ठेवून दाखवलं, भिंतीनं शाळा वाचेल, पण अडलेलं पाणी दुप्पट जोरानं पलीकडे आळीत जाईल. साहेबांनी मग माझा आराखडा काढला. आळीच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी तीनशे झाडं. "छान! सावली छान!" ते म्हणाले. "आणि माझी गाडी कुठून जाणार? हा एकच रस्ता आहे आत जायला. फांद्यांवरून उडवू?"

म्हणजे गेली चार वर्षं एकाच इमारतीत बसून आम्ही एकमेकांच्या माणसांना मारायच्या तयारीत होतो, आणि दोन्ही कागदांवर मंजुरीचे शिक्के आहेत.

साहेबांनी त्या शिक्क्यांवरून बोट फिरवलं. मग त्यांच्या मानानं हळू, म्हणजे तुमच्या-आमच्या आवाजात, म्हणाले, "सात वर्षांपूर्वी त्या आळीतून एका बाईला मी खांद्यावर बाहेर आणलं. ती वाचली नाही. तेव्हापासून मला भिंत पाहिजे."

मला त्या पुराचं काहीच आठवत नाही. मी तेव्हा परगावी शिकत होते. तेच वर्ष ना, बाबांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली ते? गुडघ्यांमुळे.

निघता निघता साहेब सहज म्हणाले, "शाळेचं मैदान एका कोपऱ्यात खोलगट आहे. ओढा फुगला की तिथं गुडघाभर तळं. पोरांना सुट्टी. आणि ज्या दिवशी ते तळं होतं ना, त्या दिवशी आळीत पाणी जरा उशिरा येतं." मी दारातून परत आले. "साहेब, पुन्हा सांगा." अख्खं मैदानच खाली घेतलं तर? दीड मीटर, पायऱ्या-पायऱ्यांनी. एरवी मुलं खेळतील, पुराच्या दिवशी पाणी थांबेल. झाडं रस्त्यावर नकोत, मैदानाच्या कडेला लावू. उन्हाळ्यात आळीतली माणसं तिथं सावलीला येतील. गाडीचा रस्ता मोकळा. भिंत नकोच!

साहेबांनी पाठकोऱ्या कागदावर आकडेमोड केली. सत्तर लाख लिटर. आम्ही दोघं त्या आकड्याकडे बघत बसलो.

२१ मार्च, शुक्रवार

शाळेत गेलो. खेळाचे सर आमचं ऐकून उभेच राहिले. "मैदान खणायचं? आधी मला खणा!" सव्वीस वर्षं ते त्या मैदानावर रोज पाणी मारतात.

मुख्याध्यापिका बाई मात्र शांत होत्या. दोनच प्रश्न विचारले. पाणी भरायला लागल्यावर मुलांना वर न्यायला किती वेळ मिळेल? आणि पाणी उतरायला किती तास? पहिल्याचं उत्तर साहेबांनी ताडकन दिलं. ओढ्यावर वरच्या अंगाला खूण करू, पाणी खुणेला लागलं की भोंगा, आणि तिथून पंचवीस मिनिटं. (बोलताना 'भोंगा' शब्दावर स्वतःच हसले. म्हणजे त्यांना माहीत आहे!) दुसऱ्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते मोरीवर अवलंबून आहे, आणि मोरीचं मूळ रेखाचित्र रेकॉर्डमध्ये सापडत नाही.

साहेबांना म्हटलं, जुन्या कुणाला विचारू या. ते एकदम म्हणाले, "नको. आपण आपलं मोजू." का नको, ते सांगेनात.

२६ मार्च, बुधवार

बाबांचं काहीतरी बिनसलंय. रोज दुपारी दोनला टोपी घालून बाहेर पडतात, तासाभरानं घामाघूम परततात, बुटांना चिखल. इथं मी गावाला उन्हात फिरू नका म्हणून सांगतेय आणि घरात हे! गुडघे दुखतात ना? आई त्यांना अडवतही नाही. उलट बूट धुऊन ठेवते.

एक बरं आहे, माझ्या कामात रस घ्यायला लागलेत. काल विचारलं, "ताशी किती मिलिमीटर धरलास पाऊस?" मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि बराच वेळ पंख्याकडे बघत बसले. रस्ते विभागातल्या माणसाला पावसाचं काय, पण लेकीसाठी विचारतात. गोड वाटलं.

४ एप्रिल, शुक्रवार

आज टेबलावर पत्र्याची लांब नळी. चिठ्ठी नाही, नाव नाही. तोंडावर प्लास्टिक ताणून दोरी बांधलेली, दोन गाठी आणि वर टोकांचं फूल, आमच्या घरी डब्यांना बांधतात तसं. रेकॉर्डवाल्याला उपरती झाली असावी. आत मोरीचं रेखाचित्र! छत्तीस वर्षांपूर्वीचं, निळं, घड्यांवर विरलेलं. मी आनंदानं टेबलावर पसरलं, चारी कोपऱ्यांना साहेबांचे चार फोन ठेवले.

उजव्या कोपऱ्यात सही होती.

बाबांची.

साहेब खिडकीतून बाहेर बघत होते. "तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं. "मी नवा जवान होतो तेव्हा," ते म्हणाले. "मोरीच्या कामावर तुमचे वडील दिवसभर उन्हात उभे असायचे."

दीडशहाणा. भात जेवताना. हातात पेन घेऊन.

५ एप्रिल, शनिवार

सकाळी बाबांच्या समोर रेखाचित्र ठेवलं. माफीचं वाक्य जुळवत होते, तोवर त्यांनीच चष्मा लावला आणि बोट ठेवलं.

"चाळीस वर्षांच्या पावसाच्या नोंदी काढल्या होत्या. त्यातल्या सगळ्यात मोठ्या पावसाच्या दीडपट मोरी ठेवली. माझे वरिष्ठ माझ्यावर ओरडले होते, एवढी मोठी कशाला, बैलगाडी न्यायचीय का आतून? तेव्हा ती मोठी होती, बाळा."

"मग?"

"मोरी तेवढीच राहिली. पाऊस तेवढा राहिला नाही."

मी म्हटलं, तुमची चूक नव्हती. बाबा म्हणाले, "ती बाई गेली तेव्हा मी तिथं होतो. पाऊस वाढला की मी नेहमीच जाऊन उभा राहतो. चूक नव्हती हे मला आकड्यांनी कळतं. बाकी कशानं कळत नाही."

आई चहा ठेवून गेली. मग बाबांनी खिशातून वही काढली. रोज दुपारी ते तिथंच जात होते! मोरीच्या तोंडाशी कुणीतरी नंतर पाण्याची जाड नळवाहिनी आडवी टाकली आहे. ती कुठल्याच नकाशात नाही. तिला अडकून गाळ बसला आणि एक तृतीयांश तोंड बंद झालं. काठीनं मोजून त्यांनी बारा ठिकाणची खोली लिहिली होती. मुख्याध्यापिका बाईंचा दुसरा प्रश्न सुटला. गाळ काढला आणि नळवाहिनी उचलली तर मैदान सहा तासांत रिकामं होईल.

"आणि एक," बाबा म्हणाले. "तुझाही आकडा एक दिवस लहान पडणार. जे बांधशील ते पुढच्याला वाढवता येईल असं बांध. मी तेवढं केलं नाही."

मैदानाच्या पूर्वेकडची बाजू पायऱ्यांशिवाय मोकळी ठेवायची. पुढे वाढवता येईल. आजच बदललं.

नळी कुणी पाठवली, आईला विचारलं. "मला काय ठाऊक तुमच्या ऑफिसातलं," म्हणाली.

२२ एप्रिल, मंगळवार

मंजुरी! खोदाई सुरू! खेळाच्या सरांनी पहिल्या दिवशी यंत्राकडे पाठ केली. आज तेच यंत्रचालकाला सांगत होते, दुसरी पायरी रुंद ठेव, तिथं माझी धावपट्टी येणार. मातीचा ढीग बघून साहेब खूश, मी खूश, शाळेतली चारशे मुलं तर वेडीच झालीत.

१३ मे, मंगळवार

चौथा दिवस अंगाची लाही. झाडं लावलीत, पण ती अजून गुडघ्याएवढी. म्हणून मैदानाच्या कडेला हिरवी जाळी ताणली आणि सुट्टीमुळे रिकामे असलेले तळमजल्याचे वर्ग आळीसाठी उघडले. पाणी, पंखे, एक परिचारिका. साहेबांचे जवान दारोदार जाऊन म्हाताऱ्यांना आणतात. ते म्हणतात, ही पुराचीच तालीम आहे. कोण चालू शकतं, कोणाला उचलावं लागतं, कोण मांजर घेतल्याशिवाय घर सोडत नाही, सगळं आत्ताच कळतंय. गेल्या वर्षी याच चार दिवसांत त्यांच्याकडे लाल हाका तेवीस. यंदा सहा.

मी हे आराखड्यात एका परिच्छेदात लिहिलं आणि तो परिच्छेद सात वेळा वाचला.

६ जून, शुक्रवार

काम जवळजवळ पूर्ण. गाळ निघाला, नळवाहिनी वर उचलली. ओढा आणि मैदान यांच्यामध्ये फक्त मातीचा छोटा बांध उरलाय. तो बुधवारी पाहुण्यांच्या हस्ते कापायचा. शंभर दिवस त्याच दिवशी संपतात. फीत आणलीय. मला फितीचं हसू येतं, पण मॅडम म्हणतात, लोकांनी बघायला हवं. बाबांना बोलावणं दिलं. "मी कशाला," म्हणाले आणि कोट झटकायला काढला.

९ जून, सोमवार

रात्रीचे साडेआठ. केस ओले आहेत, बोटांना फोड आहेत. क्रमानं लिहिते.

सकाळी साडेआठला पाऊस सुरू झाला तो थांबेचना. दहाला साहेबांनी खुर्ची मागे ढकलली. "चार तासवाला आहे हा." दहा वाजून बारा मिनिटांनी वरच्या खुणेला पाणी लागल्याचा वायरलेस. भोंगा वाजला. सुट्टी संपून आजच भरलेली शाळा वरच्या मजल्यावर, म्हातारी माणसं शाळेत, तालमीप्रमाणे, मांजरांसकट. मी आणि साहेब बांधावर पोचलो तेव्हा ओढा तपकिरी होऊन धावत होता. बांध मात्र जागेवर, फीत बांधायच्या दोन खांबांसकट. यंत्र दुसऱ्या कामावर गेलेलं. मॅडमचा फोन लागेना.

"कापायचा का?" साहेब ओरडले.

मी मैदानाकडे वळले. मोरी साफ झाल्यावर खरं पाणी एकदाही तिच्यातून गेलेलं नाही. मैदान भरलं आणि उतरलंच नाही तर? पायऱ्यांची माती अजून ओली आहे, ढासळली तर? वर खिडक्यांत चारशे चेहरे. माझा आकडा, माझा नुसता आकडा!

फोन वाजला. बाबा. मोरीपाशी उभे, हातात काठी. मागे पाण्याचा असा आवाज की शब्द तुटत होते. "मोरी भरून चाललीय! वर वीतभर उरलंय! पण वेग चांगला आहे, ऐकतेस? ती घेतेय! जेवढं म्हटलं होतं तेवढं घेतेय! वरचं तू घे!"

साहेबांनी माझा खांदा धरला. "पोरी, बोल!"

"कापा!"

फावडी होती पाच आणि माणसं नऊ. जवान, ठेकेदाराचे दोन मजूर, साहेब, मी. आणि शाळेतून धावत आलेले खेळाचे सर, हातात धावपट्टी आखायची कुदळ. त्यांनी पहिला घाव असा घातला की फितीचा एक खांबच उडाला. चिखल, शिव्या, हसणं. हो, हसणं. हातभर फट पडली आणि पुढचं पाण्यानंच केलं. आम्ही बाजूला उड्या मारल्या. ओढ्याची एक जाड बाही वळली आणि मैदानात शिरली.

पहिली पायरी. दुसरी पायरी, धावपट्टीसकट. खेळाचे सर रडत होते की पाऊस होता, सांगता येत नाही. तिसरीच्या काठाशी पाणी आलं आणि थबकलं. एक वाजून चाळीस मिनिटं. पाऊस उतरला होता.

वायरलेसवर साहेबांनी आळीतल्या जवानाला विचारलं, "किती उचलले?"

"कुणीच नाही, साहेब."

"किती घरांत पाणी?"

"घरांत नाही. रस्त्यावर घोट्याएवढं."

साहेबांनी वायरलेस खाली केला आणि चिखलातच फतकल मारली.

सहा तास म्हटलं होतं. मैदान पाच तासांत उतरलं!! एका कोपऱ्यात माती ढासळलीय, ते मान्य, तिथं दगड बसवावे लागतील. बाबा घरी आले तेव्हा कमरेपर्यंत भिजलेले. आई ओरडली, टॉवेल दिला, पुन्हा ओरडली. मग स्वयंपाकघरात त्यांच्यासमोर बसून त्यांच्या बुटांतला गाळ काढत राहिली. मी आत गेले नाही.

११ जून, बुधवार

पाहुणे आले. कापायला बांध नव्हता आणि फीत बांधायचे खांब वाहून गेलेले. मॅडमनी त्यांना गाळानं माखलेली दुसरी पायरी दाखवली आणि आराखडा त्यांच्या हातात दिला. एकच आराखडा, दोन सह्या. मॅडमनी मला बाजूला घेऊन विचारलं, शहरात निळे आणि लाल ठिपके असेच एकत्र पडलेल्या उरलेल्या सहा जागा कधी? मी म्हटलं, यादी तयार आहे. साहेब मागून म्हणाले, "पाच. सहाव्या जागेवर माझी गाडी वळत नाही. भांडू आपण उद्या."

मी खरंच उद्याची वाट बघतेय.

१२ जून, गुरुवार

दुपारी बाबा माझा विसरलेला डबा घेऊन कक्षात आले होते. साहेबांनी त्यांना बसवून घेतलं. दोघं मोरीवर बोलत असताना दारात एक आजी. खालच्या आळीतल्या. एक हात कमरेवर, दुसरा आमच्याकडे रोखलेला.

"भोंगा कोणी वाजवला सोमवारी?"

साहेब उभे राहिले. "मी, आजी."

"काय म्हणून? मी म्हातारी बाई! गाद्या माळ्यावर चढवल्या, धान्याचे डबे चढवले, कोंबड्या शाळेत नेल्या. कंबर गेली माझी! आणि पाणी? आलंच नाही! लोकांची थट्टा करता का? आता त्या गाद्या कोण उतरवणार?"

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा होता. त्यांनी आजींना खुर्ची दिली, पाणी दिलं, कोरा कागद घेतला आणि तक्रार शब्दाशब्दानं लिहायला लागले. दोन जवान गाद्या उतरवायला धाडले. एकोणीस वर्षांत, म्हणाले, अशी तक्रार पहिल्यांदा आली.

बाबा मात्र खुर्ची पुढे सरकवून आजींच्या अगदी जवळ बसले.

"काय म्हणालात? पाणी?"

"नाही आलं."

"घरात?"

"घरात, दारात, कुठंच नाही. सांगितलं ना!"

"जरा पुन्हा सांगा."

आजींनी माझ्याकडे बघून कानाजवळ बोट फिरवलं, म्हातारा बहिरा दिसतो असं. मग बाबांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन, सगळी इमारत ऐकेल एवढ्या जोरानं, ओरडल्या:

"नाही आलं हो पाणी!"